गोजराबाईनं तोंड धुतलं नाही

पौडच्या सरकारी दवाखान्यात मी शहात्तर ते ब्याऐंशी कंपाउंडर होतो. या काळात तीन डॉक्टर आले आणि गेले. मी बदलीसाठी अर्जांवर अर्ज केले, ते कुठल्या फायलीत गेले देव जाणे. दवाखाना खऱ्या अर्थानं चालवला तो गोजराबाईनं. हुद्द्यानं ती आया. फरशी पुसायची, सुया उकळायची, बाळंतिणीच्या उशाशी बसायची. पण रांगेतल्या कुणाला आधी आत घ्यायचं हे तीच ठरवायची, आणि मी औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी उलटी चिकटवली तर चारचौघांत माझी खरडपट्टी काढायची. मी पुण्यातल्या पेठेतला, मॅट्रिक झालेला, आणि ही बाई जेमतेम सही करणारी. सुरुवातीला मला राग यायचा. पुढं लक्षात आलं की पट्टी खरंच उलटी असायची.

ती कासार आंबोलीची. बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर तिचं, आणि तिथून ती रोज चालत यायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. छप्पन साली आईबापांबरोबर तिनं दीक्षा घेतली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. त्या आठवड्यात तिच्या बापानं घरातले ताईत, गंडे, देवांचे टाक सगळे फडक्यात बांधून नदीत सोडले होते. तेव्हापासून भूत, हडळ, करणी यांचं कुणी नाव काढलं की हिचं डोकं फिरायचं. तापानं फणफणलेल्या पोराच्या दंडात काळा दोरा दिसला की आधी दोरा कापायची आणि मग थर्मामीटर मागायची. आया-बाया शिव्या घालायच्या, ही परत करायची.

एकोणऐंशीच्या चैत्रात पौडच्या जत्रेला भूतबंगला आला. काळ्या कापडाची लांबोडकी राहुटी, आत बांबू आणि गोणपाटाची वाकडीतिकडी वाट, अंगावर पडणारा लाकडी सांगाडा, चेहऱ्याला लागणारे ओले काथ्याचे झुपके, आणि शेवटी लाल दिव्याखाली एक खोटी विहीर. त्या विहिरीतून हडळ वर यायची. मालक कुशाबा नगरकडचा. त्याची हडळ झालेली बाई आदल्या मुक्कामावरून माहेरी निघून गेली होती आणि तो दोन दिवस डोक्याला हात लावून बसला होता. हे गोजराबाईच्या कानावर गेलं आणि ती आपण होऊन त्याच्याकडं गेली.

आम्हाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. जिनं आयुष्यभर हडळीला शिव्या घातल्या तीच हडळ होणार? वस्तीतले साहेबरावही तिच्यावर चिडले, ते विहाराचं काम बघायचे. पण तिची एक अट होती आणि ती कुशाबाला मान्य करावी लागली. रोज रात्री शेवटचा खेळ झाला की ती बाहेरच्या फळ्यांच्या मंचावर यायची, केस सोडलेले, तोंडाला पीठ, डोळ्यांभोवती काजळ. मग सगळ्यांसमोर बादलीत हात घालून तोंड धुवायची. पायाला बांधलेले लाकडी उलटे पंजे सोडून लोकांच्या हातात द्यायची. "बघा, जोंधळ्याचं पीठ हाय. बघा, बाभळीचं लाकूड हाय. आता घरी जावा आन निवांत झोपा," असं म्हणायची. पहिल्या रात्री लोक हसले, टाळ्या पडल्या. दोन पोरींनी तर पंजे पायाला लावून बघितले. "एक हडळ कमी झाली बघा, कंपाउंडर," ती मला म्हणाली. तिला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

आता सगुणाचं सांगायला हवं. खिंडीपलीकडच्या मुठा गावच्या साळूबाईची ही धाकटी सून, भैरूची दुसरी बायको, आठवा महिना लागलेला. साळूबाईचा नवरा गेलेला, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो तिच्या दिराचा, भिकूचा. जत्रेच्या आधी लसीकरणाला नर्सबाईंबरोबर गोजराबाई मुठ्याला गेली होती तेव्हा तिनं सगुणाला बघितलं. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं मधूनच अंधारी येतेय. गोजराबाईनं असल्या बाया बघितल्या होत्या. रक्तदाब चढतो, मग एके दिवशी झटके येतात, आणि झटके सुरू झाले की आई आणि पोर दोघं हातची जातात. वेळ असतो तो काही तासांचाच. तिनं साळूबाईला तिथंच सांगितलं, हिला उद्या दवाखान्यात आणा. आणली नाही. बाजारात गाठून पुन्हा सांगितलं. रविवारची सुट्टी मोडून खिंड ओलांडून तिसऱ्यांदा मुठ्याला गेली, तर साळूबाईनं अंगणातूनच वाटेला लावली.

"आमच्या घराला दवाखाना लाभत न्हाई," ती म्हणाली. प्यायला पाणी दिलं, तेही वरून ओंजळीत.

हे मला गोजराबाईनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, आता तुम्ही काय त्यांच्या पाया पडणार? नाही ऐकत तर जाऊ दे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप मलमाची डबी भरायला घेतली.

जत्रेची दुसरी रात्र. मी भूतबंगल्यात गेलो होतो, पण बघायला नाही. एवढं शिकून मला अंधारात भीती वाटते हे मी कुणाला सांगत नसे. शेवटच्या पडद्यामागून शिरून गोजराबाईला चहा द्यावा आणि निघावं असा बेत होता. पण लाल दिव्याचं बटण दाबणारा माणूस जेवायला गेला होता आणि कुशाबानं ते बटण माझ्याच हातात दिलं. "दोन खेळ सांभाळा, मास्तर," म्हणाला. मग काय, विहिरीमागं गोणपाटाला टेकून मी उभा, माझ्यापुढं हातभर अंतरावर पाठमोरी हडळ. हडळ चहा पीत होती.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. तिकिटाच्या खिडकीपाशी एक बाई पडली होती. मंचावर रंगवलेल्या हडळीच्या चित्रासमोरच. मी गोणपाट फाडून डोळा लावला. सगुणा होती. अंग ताठ झालेलं, डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. घरच्यांनी तिला बैलगाडीतून जत्रेला आणलं होतं, देवाला कौल लावायला. भोवती गर्दी जमली. भिकूनं गर्दी मागं सारली.

"हिनं आपलं माणूस वळखलं," तो त्या चित्राकडं बोट करून म्हणाला. "हिच्या अंगात जी हाय ती आतल्या हडळीला बघून खवळली. आत न्या. समोरासमोर बोलती करू."

"आवो, सोंग हाय त्ये," कुशाबा म्हणाला. त्याची चांगलीच तंतरली होती.

"सोंग असलं म्हून काय झालं? देवीचं सोंग नाचायला लागलं की सोंगात देवी येती का न्हाई? मंग हडळीच्या सोंगात हडळ का येनार न्हाई?"

गर्दीतल्या चार-दोन माना हलल्या. खरं सांगायचं तर माझीही.

गोजराबाईनंही ऐकलं होतं. पेला तिनं माझ्या हातात दिला. "झटका हाय, कंपाउंडर," ती हळूच म्हणाली. "सुरू झालं."

"मग बाहेर जाऊन सांगा. जीप आहे, डॉक्टर दवाखान्यात आहेत."

"तीन डाव सांगितलं."

"पुन्हा सांगा. मी येतो, मी सांगतो."

"भिकू सुनंला उचलून गाडीत घालंल आन देवरुशाकडं न्हेईल. तितं रात जाईल." तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाली, "गप बसा आता. काय बी बोलू नका."

वाटेवरून पावलं येत होती. सांगाडा त्यांच्या अंगावर पडला, कुणी बघितलंही नाही. काथ्याचे झुपके हातानं बाजूला सारत भिकू पुढं आला. मागं भैरूनं सगुणाला दोन हातांवर घेतलेलं, आणि त्याच्यामागं साळूबाई, सुनेचं डोकं सावरत. त्यांनी तिला विहिरीसमोर मातीवर ठेवलं. अंग सैल पडलं होतं, श्वास घोरल्यासारखा. लाल दिव्यात तिचं सुजलेलं तोंड मला ओळखू येईना.

गोजराबाई विहिरीतून वर आली. रोजच्यासारखी किंचाळली नाही. नुसती उभी राहिली. आणि तुम्हाला सांगतो, तिच्या हातचा उष्टा पेला माझ्या हातात होता, तरी मी गोणपाटाला घट्ट चिकटलो.

"कोन हायेस?" भिकूनं विचारलं. आवाज चढवला होता, पण हात कमरेच्या करगोट्याशी गेलेला. "नाव सांग."

ती बोलेना. हिचा आवाज या लोकांनी ऐकलेला होता. ओळखला तर सगळंच संपलं. बाईला फोडून काढतील आणि पोरीला घेऊन जातील.

"जया," गोजराबाई म्हणाली. घशातून, खरखरीत.

साळूबाईनं तोंडावर पदर धरला. जया म्हणजे भैरूची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी, मी रजेवर असताना, बाळंतपणात गेली होती, आणि बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते हे या भागात शेंबडं पोरही सांगतं.

"काय पायजे तुला?" भिकू म्हणाला. "कोंबडा देतो. हिरवं लुगडं देतो, खण-नारळ देतो. पोरीला सोड."

"कोंबडा नको. लुगडं नको. दवाखाना पायजे."

भिकूनं मान वाकडी केली. "हडळीला दवाखाना कशाला?"

प्रश्न बरोबर होता. भिकू एक पाऊल पुढं आला आणि वाकून तिच्या तोंडाकडं बघू लागला. पिठाखालचा चेहरा ओळखायला त्याला आणखी हातभर पुढं यायला हवं होतं.

"मी पोचले न्हाई," गोजराबाई म्हणाली. "मला गाडीत घातली, पर मी पोचले न्हाई. खिंडीतच ऱ्हायले. गाडी फुडं गेली, मी मागं."

भिकू जिथं होता तिथंच थांबला. त्याचा हात खाली आला. भैरूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या दोघांना एवढं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, घाबरले.

"माझी वाट पुरी करा," ती म्हणाली. "हिला तितं न्या. उंबऱ्याच्या आत घेतली की मी सुटले. न्हाई न्हेली तर उजाडायच्या आत हिला संगट न्हेते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. डॉक्टरांनीही वेळ तेवढीच सांगितली असती.

भिकूचे ओठ हलत होते. "खरी आसशील तर खूण दे."

"दिवा," गोजराबाई म्हणाली.

मी बटण हातात धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात काही शिरेना. मी खरंच विचार करत होतो की दिव्याचं काय. समोर सगुणाचे पाय पुन्हा ताठ व्हायला लागले. साळूबाई तिचं नाव घेऊन रडायला लागली. भिकूनं मान वर करून दिव्याकडं बघितलं. दिवा ढणढणा जळत होता.

"दिवा," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी त्यात तोच सूर होता, उलट्या पट्टीच्या बाटल्यांसाठी राखून ठेवलेला. मी बटण बंद केलं.

अंधारात कुणीतरी जोरात श्वास घेतला. मग भैरूचा आवाज आला. "उचला. उचला तिला. चुलत्या, बास झालं आता."

दवाखान्याचा जीपड्रायव्हर जयसिंग जत्रेच्या कडेला गाडीत झोपला होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं. सगुणाला मागं घातलं, घरचे चढले, मी फळीवर उभा राहिलो. दवाखाना तिथून फर्लांगभर. पोचलो तेव्हा डॉक्टर धोतरावरच बाहेर आले, हात लावून बघितलं आणि ओरडले, "गोजराबाई कुठंय?"

मी काय सांगणार होतो? भिकू माझ्या शेजारीच उभा होता.

"आले," मागच्या दारातून आवाज आला. शेताच्या बांधावरून ती पळत आली होती. रांजणावर तोंड खसाखसा धुतलेलं, केसांचा कसाबसा आंबाडा, दवाखान्याचं लुगडं गुंडाळलेलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. आणि डाव्या कानामागं, मानेपर्यंत, पिठाचा पांढरा पट्टा तसाच. मी कापसाचा बोळा घेतला आणि कामात असल्यासारखं करून तिची मान पुसली. माझ्या आयुष्यात एवढ्या घाईनं मी दुसरं कुठलंही ड्रेसिंग केलं नाही.

डॉक्टरांनी सुई दिली. झटका थांबला, पण इथं ठेवून उपयोग नव्हता, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. जीपमध्ये मागच्या बाजूला सगुणाचं डोकं मांडीवर घेऊन गोजराबाई बसली, दातांमध्ये कापड गुंडाळलेला चमचा धरून. वाटेत आणखी दोन झटके आले. मी पुढून सारखा मागं बघत होतो. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता गोजराबाई 'गेली' म्हणून मान हलवेल. तिनं हलवली नाही. भुगावच्या पुढं तिनं एवढंच विचारलं, "जयसिंग, जरा नीट चालीव की. खड्डे तुला दिसत न्हाईत व्हय?"

पहाटे सगुणाचं पोट फाडून पोरगी काढली, पावणेदोन किलोची. दोघी जगल्या. सगुणाला शुद्ध यायला चार दिवस लागले.

इकडं जत्रेच्या माळावर त्या रात्री लोक तोंड धुणारी हडळ बघायला थांबले होते. ती आलीच नाही. सकाळपर्यंत पंचक्रोशीत झालं होतं की भूतबंगल्यात खरी हडळ उतरली, दिवा विझवून गेली, आणि गोजराबाई भ्याली म्हणून तोंड दाखवत नाही. तिसऱ्या रात्री कुशाबा हात जोडून बोलवायला आला. बाहेर माणसांची रीघ लागली होती, बाया विहिरीत लिंबू आणि कुंकू टाकून जात होत्या. ती गेली नाही. साहेबरावांनी वस्तीत तिला विचारलं, खरं काय घडलं ते सांग. तिनं तेही सांगितलं नाही.

"सांगून टाका की," मी म्हणालो. "निदान तुमच्या माणसांना तरी."

"आज सांगितलं तर उद्या मुठ्यात पोचंल. पोरगी अजून दवाखान्यात हाय. भिकूनं उचलून आनली मंजी?" मग सुया उकळत पुढं म्हणाली, "वीस वरसं मी लोकांच्या डोक्यातनं हडळ काढत व्हते, कंपाउंडर. आन एका रातीत माझ्याच हातानं आत बशिवली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला रडताना मी तेवढंच बघितलं.

दीड महिन्यानं, उन्हं उतरताना, साळूबाई एकटीच दवाखान्यात आली. मुठ्यापासून चालत आली होती. मी औषधांची मोजदाद करत होतो. ती सरळ गोजराबाईपाशी गेली आणि फरशीवर तिच्यासमोर बसली.

"जया माझ्या भावाची लेक व्हती," ती म्हणाली. "कुकुली व्हती तवापासनं मांडीवर खेळिवली. तिचा आवाज मला ठाव न्हाई व्हय?"

गोजराबाईच्या हातातला बोळा तिथंच राहिला. मी मोजलेल्या गोळ्या पुन्हा मोजायला लागलो.

"पयल्याच शब्दाला वळखलं तुला."

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

"बोलून काय करू? मला बी पोरगी न्यायची व्हती. तू तिसऱ्यांदा येऊन गेलीस तवापासनं रातची झोप नव्हती. भाऊजींना म्हणलं, न्हेऊ या. म्हनाले, दवाखान्यात धाडून एक मारलीस, आता दुसरी मारायची का? ते माझं ऐकत न्हाईत. हडळीचं ऐकत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर तू खिंडीचं बोललीस. मी गाडीत नव्हते त्या दिशी, चुलीपाशी व्हते. भाऊजी आन भैरू घेऊन गेले. येऊन म्हनाले, दवाखान्यात न्हेली, सुई दिली आन मेली. मी दोन वरसं तेच धरून बसले. खरं काय ते सांग. तू हितं व्हतीस."

मला आता भिकूचा तो खाली आलेला हात आठवला.

गोजराबाई उठली नाही, इकडंतिकडं बघितलंही नाही. "कुनीबी सुई दिली न्हाई, बाई. गाडी दारात लागली तवा ती थंड पडली व्हती. डाक्टरांनी नुसतं बघितलं. खिंडीतच गेली आसल. दोन दिस घरात ठिवली व्हती म्हनं तिला, मंग आनली."

"दोन दिस," साळूबाई म्हणाली. "मीच पाय चेपत व्हते की तिचं." मग गोजराबाईचा हात धरून म्हणाली, "मला भाऊजींना इचारायचं हाय. समोर उभं करून इचारायचं हाय. मला ते शिकीव."

"काय शिकीवू?"

"केस सोडायचे, आवाज काढायचा. माझ्याच अंगात जया आली तर ते खरं बोलतील. नुसत्या साळूला न्हाई सांगायचे."

मला वाटलं, गोजराबाई हो म्हणेल. मी म्हणालो असतो. एकदा लागू पडलेलं औषध दुसऱ्यांदा द्यायला काय हरकत आहे? तिलाही तो मोह झाला असावा, कारण तिचा हात आंबाड्याकडं गेला. मग तिनं साळूबाईचा डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला आणि स्वतःचा आंबाडा आवळून बांधला.

"न्हाई, साळूबाई. केस बांधूनच इचारा. तोंड धुवून इचारा. मी येते तुमच्या संगट, मीच हडळ व्हते ते बी सांगते."

साळूबाई तिच्याकडं बघत राहिली. "मारतील तुला."

"मारतील."

कोपऱ्यातल्या माठातून गोजराबाईनं पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि साळूबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. मग दोघी खिंडीच्या वाटेनं निघाल्या. मी कुलूप लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच अंधार पडताना कुणी न सांगता त्यांच्यामागं चालू लागलो.